टिपकागद

पुढच्या गोष्टीतली खुर्ची पटली नाही तर खुशाल सोडून द्या. बाकीचं माझ्या डोळ्यांदेखत घडलंय, आणि माझे डोळे माझ्या जिभेपेक्षा बरेच प्रामाणिक आहेत.

विद्यापीठातला आमचा संख्याशास्त्र विभाग वरच्या मजल्यावर. जिना संपला की एक टेबल, आणि टेबलामागे मी. निवृत्त झालो तरी टेबल सोडलं नाही. बायको म्हणते, "तुम्ही तिकडेच बरे. घरातल्या भिंतींना कान आहेत, ते दुखायला लागलेत." मुलं मला थापाडे सर म्हणतात. ते आडनाव नव्हे, पदवी आहे.

माझ्या टेबलासमोर टिपकागद मॅडमची खोली. हे नाव आमच्या खवट सरांनी ठेवलेलं. कुणाच्याही डोळ्यांतून दोन थेंब सांडले की पाठवा मॅडमकडे, त्या टिपून घेतात. नियमाप्रमाणे विभागातल्या प्रत्येक शिक्षकाला थोडी थोडी मुलं वाटून दिलेली असतात. मुलाचं काही बिनसलं तर त्याने आपापल्या 'पालक शिक्षका'कडे जायचं. पण खवट सरांच्या दाराला अशी स्प्रिंग होती की मूल आत शिरायच्या आत दार मिटायचं. आणखी एक सर होते, ते मुलाआधी स्वतःच रडायला लागायचे. मग मुलालाच त्यांची समजूत काढावी लागे. विभागप्रमुख सगळ्यांना एकच सांगायचे, "मॅडमना भेटा. मॅडमकडे मुलं कशी मोकळी होतात!"

मुलं मोकळी व्हायची, यात खोटं नाही. ती जे मोकळं करून जायची ते कुठे साठत होतं, हे कुणी विचारलं नाही.

तर खुर्ची. मॅडमच्या टेबलासमोर एकच खुर्ची, करड्या गादीची. इतकी मुलं तिच्यावर बसून रडली की तिला ओल आली. शिपाई तिला गच्चीवर उन्हात नेऊन ठेवायचा, तर तिची सावलीसुद्धा ओली पडायची. पुढे पुढे खुर्चीलाच सवय लागली. वर कुणीही बसो, डोळे वाहायला सुरुवात. लेखा विभागाचे साहेब एकदा नुसते सही घ्यायला बसले आणि चौथीत हरवलेल्या कंपासपेटीसाठी हुंदके देत उठले.

मॅडमनी त्यांनाही सांगितलं, "समजू शकते मी."

मॅडमचं औषध दोन गोळ्यांचं. पहिली 'समजू शकते मी', दुसरी 'मुदतवाढ देते'. प्रकल्प लिहून झाला नाही, मुदतवाढ. प्रेम मोडलं, मुदतवाढ. घरी बापाने ताट भिरकावलं, मुदतवाढ. मुदतवाढीने मोडलेलं प्रेम जुळत नाही की बापाचा हात आवरत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण हाताशी तेवढंच होतं. आणि पूर्वी त्या ही गोळी देताना मुलाकडे बघायच्या. खुर्ची पुढे ओढून घ्यायच्या, विचारायच्या, "जेवलास का?" मूल 'नाही' म्हणालं की आपला डबा पुढे सरकवायच्या.

मग हळूहळू त्यांना बसवेनासं झालं.

आधी त्या उभ्याने ऐकायला लागल्या. मग येरझाऱ्या घालत. मग खोलीच त्यांना पुरेना. तास संपला की त्या व्हरांड्यात झपझप चालत सुटायच्या, मागे एक मुलगी "मॅडम, दोनच मिनिटं", तिच्यामागे एक मुलगा, त्याच्यामागे तिसरा. एकदा ही आगगाडी साऱ्या इमारतीला फेरे घालत होती, तर शेवटी लागलेला मुलगा प्रवेशाची रांग समजून शिरलेला निघाला. त्याला दुसऱ्याच विभागात जायचं होतं. त्यालाही मॅडमनी जिन्यात वळता वळता मुदतवाढ दिली.

हात स्वस्थ नसायचे. पेनाचं टोपण काढ, लाव. खिडकी उघड, मीट. मी विचारलं, "काय हो, अंगात मुंग्या भरल्यात का?"

"सर, उगाच काहीतरी बोलू नका. कामं पडलीत."

"कामं मलाही होती. मी ती पडूच दिली, आणि बघा, निवृत्त झालो तरी कुणाला पत्ता नाही."

एरवी हसल्या असत्या. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण बंद पडलेल्या घड्याळाकडे पाहतो, वेळ कळावी म्हणून नव्हे, नजर कुठेतरी ठेवायची म्हणून.

मी विभागप्रमुखांकडे गेलो. म्हटलं, "साहेब, मॅडम आटत चालल्यात. त्यांच्याकडची मुलं वाटून घ्या. त्यांना थोडे दिवस रजा द्या."

ते खदखदून हसले. "सर, मागच्याच आठवड्यात तुम्ही सांगत होतात, ग्रंथालयाच्या तळघरात मगर आहे."

आता मगर होतीच, पण तो निराळा विषय. आयुष्यभर थापा मारल्या त्याचं हे व्याज. गंभीर चेहऱ्याने काही सांगावं तर लोक आधीच पोट धरून तयार.

मग तो दिवस उजाडला. मॅडमच्या खोलीत मी चहासाठी त्यांची किटली मागायला गेलो होतो. खुर्चीवर शेवटच्या वर्षाची एक मुलगी बसली होती, चष्मा हातात, नाक लाल. मॅडम खिडकीपाशी उभ्या, एक पाय सारखा हलतोय. इतक्यात टेबलावरचा फोन थरथरला. त्यांनी नाव न बघताच उचलला.

"हं, बोल."

पलीकडून बारीक, ओढलेला आवाज. शब्द कळत नव्हते, हुंदके कळत होते.

"हं. हं. समजू शकते मी," मॅडम म्हणाल्या. नजर खिडकीबाहेर, दुसऱ्या हाताने पडद्याची दोरी गुंडाळतायत. "अशा वेळी फार एकटं वाटतं. पण घाबरून जायचं नाही. मुदतवाढ देते मी तुला. अर्ज टाक, आणि अर्जावर विषय लिहायला विसरू नकोस. नाव सांग."

पलीकडचे हुंदके थांबले. मग ते एवढं स्पष्ट ऐकू आलं की खुर्चीवरच्या मुलीनेही मान वर केली.

"आई, मी भिंगरी."

"हं, भिंगरी," मॅडम म्हणाल्या. "आणि हजेरी क्रमांक?"

फोन कट झाला.

मॅडमनी तो खाली ठेवला आणि त्या मुलीकडे वळल्या. "हं, तुझं काय म्हणणं होतं?"

मुलीने चष्मा लावला. "मॅडम... ती तुम्हाला आई म्हणाली."

"सगळेच म्हणतात गं."

"नाही मॅडम. भिंगरी म्हणाली ती."

भिंगरी म्हणजे मॅडमची एकुलती एक लेक. लहानपणी विभागात यायची तेव्हा एका जागी ठरायची नाही, माझ्या टेबलाभोवती गरगर फिरायची, म्हणून हे नाव मीच ठेवलं. आता शेजारच्या शहरात खोली घेऊन शिकते. बाप ती लहान असतानाच गेला. दोघी एकमेकींच्या.

मॅडमच्या हातातली पडद्याची दोरी तशीच राहिली. पाय मात्र हलत होता. तो थांबला नाही, हे मला सगळ्यात भयंकर वाटलं.

त्यांनी फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मग घरमालकीणबाईंना लावला. त्यांचा आवाज दणदणीत, मला दारापर्यंत ऐकू आला. "आहे हो खोलीत. आतून कडी घातलीय. हाक मारली तर ओ देते. सकाळपासून पोटात काही नाही पोरीच्या. मी म्हटलं, आईला फोन लावू का? तर म्हणाली, आईला सांगा, अर्ज टाकलाय."

"काय टाकलाय?"

"अर्ज. कसला ते मला काय ठाऊक बाई! तुम्ही या. आणि मी दाराशी बसतेच आहे, काळजी नको."

मॅडमनी पर्स उचलली आणि निघाल्या. व्हरांड्यात विभागप्रमुख आडवे आले. "मॅडम, दुपारी तोंडी परीक्षा आहे. बाहेरून परीक्षक आलेत."

"माझ्या मुलीकडे जायचंय."

"हो हो, समजू शकतो मी," विभागप्रमुख म्हणाले. "पण तेवढं उरकून..."

मॅडम गपकन थांबल्या. दुसऱ्याच्या तोंडून ते वाक्य ऐकलं बहुधा पहिल्यांदाच. त्यांनी विभागप्रमुखांच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं, जसं एखादं नाणं खोटं आहे का हे बघतात. मग जिना उतरल्या.

मी मागोमाग. "माझी गाडी आहे."

"तुमची गाडी चालते?"

"उतारावर चालते. चढावर विचार करते. पण पोचते."

त्या बसल्या. आरशाखालचा कप्पा उघडला, मिटला. काच खाली, काच वर. पट्टा लावला, काढला, परत लावला. शहर मागे पडलं तरी हे चालूच. मी एक-दोन थापा काढून बघितल्या, की ही गाडी पूर्वी पाण्यावरही चालायची वगैरे. त्या ऐकतच नव्हत्या.

"सर," मधेच म्हणाल्या, "मला काहीच वाटत नाहीये."

मी गाडीचा वेग कमी केला.

"माझी मुलगी दार लावून बसलीय. तिची मला ओळख पटली नाही. आणि मला काही वाटत नाहीये. वाटायला पाहिजे हे माहीत आहे. म्हणून निघाले. पण आत नुसता हापसा हलतोय. दांडा खाली-वर होतो, खडखड वाजतं, पाणी नाही."

"कधीपासून?"

"मागच्या सत्रात एका मुलाचे वडील गेले. तो सांगत होता, आणि मी मनात म्हणत होते, आटप रे बाबा. तोंडाने म्हटलं समजू शकते. घरी जाऊन सगळी कपाटं आवरली. मग पुन्हा उपसून पुन्हा आवरली. म्हटलं, माणूस आहे की नाही मी? झोप नाही. बसलं तर वाटतं कुणीतरी येईल. चाललं तर वाटतं कुणीतरी मागे आहे."

"कुणाला बोलला नाहीत?"

"कुणाला बोलू? ज्याला सांगावं तो म्हणणार, मॅडमना भेट."

मला हसूही आलं आणि रडूही. दोन्ही एकदम आलं की मला खोकला येतो, तसा आला.

तेवढ्यात पर्समध्ये फोन थरथरू लागला. थांबला, परत लागला. प्रत्येक वेळी मॅडमचे खांदे उचलले जायचे, जणू फोन त्यांच्या मानेतच बसवलाय. मी गाडी कडेला घेतली, हात पुढे केला. त्यांनी फोन दिला.

"मॅडम?" एका मुलाचा आवाज. "कुठे आहात तुम्ही? फार मोठा प्रॉब्लेम झालाय."

"मॅडम आजारी आहेत. मी बोलतोय."

"थापाडे सर? सर, प्लीज, गंमत नको."

"गंमत नाही. तू आधी सांग, जिवाचं काही आहे का? तुझ्या किंवा कुणाच्या?"

"नाही सर. फाईल उघडत नाहीये."

"कसली फाईल?"

"प्रकल्पाची. दोनदा क्लिक केलं तरी नाही उघडत."

"अरे बाळा, मग संगणकाच्या खोलीत जा ना."

"मॅडम म्हणाल्यात, काहीही झालं तरी मला सांगा."

मी मॅडमकडे बघितलं. त्या डोळे मिटून मान हलवत होत्या. म्हणाल्या, "म्हटलं होतं खरं मी. पहिल्याच तासाला म्हणते. सगळ्यांना."

मी मुलाला खवट सरांचा नंबर दिला, घरचा. पुण्याचं काम करताना कंजुषी करू नये. मग फोन बंद करून माझ्या खिशात टाकला.

पोचलो तेव्हा घरमालकीणबाई खरोखरच लेकीच्या दाराशी पाट टाकून बसल्या होत्या. मॅडमना बघून उठल्या, पाट उचलला आणि म्हणाल्या, "बोला तुम्ही. मी खाली आहे." मी जिन्याच्या वरच्या पायरीवर टेकलो. तिथून ऐकू येतं, हा पायरीचा दोष.

मॅडमनी दार वाजवलं.

"कोण?"

"मी."

"हजेरी क्रमांक?" आतून आवाज आला.

मॅडमनी कपाळ दाराला टेकवलं. "भिंगरे, समजू शक..." आणि दातांनी ओठ आवळून थांबल्या.

"बोल ना," आतून. "अडलं कशाला? पूर्ण कर."

"नाही समजत मला," मॅडम म्हणाल्या. "काही समजत नाही. तू रडत होतीस आणि मला फक्त एवढं कळलं की कुणीतरी रडतंय. रोज कुणीतरी रडतं. माझ्यातलं काहीतरी संपलंय गं. मी इथपर्यंत आले तर आतून घाबरलेसुद्धा नाही. घाबरायला पाहिजे म्हणून आले."

"मग परत जा."

"नाही जात."

"का?"

"माहीत नाही. पाय वळत नाहीयेत."

मला वाटलं, झालं, पोर दार उघडत नाही. मॅडमनी उगाच काही गोड बोलू नये म्हणून मी देव पाण्यात घातले. त्या बोलल्या नाहीत. नुसत्या उभ्या राहिल्या, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत.

कडी निघाली. भिंगरी दारात. केस विसकटलेले, डोळे सुजलेले, अंगावर आईचाच जुना स्वेटर.

"तू खोटं खोटं जवळ घेशील असं वाटलं होतं मला," ती म्हणाली.

"घेऊ का?"

"नको. मला कळतं लगेच. गेलं वर्षभर कळतंय. तू फोनवर 'जेवलीस का' विचारतेस आणि मी उत्तर द्यायच्या आत 'छान' म्हणतेस."

मॅडमनी मान खाली घातली. "असं करते?"

"एकदा मी म्हटलं, नाही जेवले. तू म्हणालीस, छान."

आणि दोघींपैकी कोण आधी हसलं ते मला सांगता येणार नाही, पण ते हसू चांगलं नव्हतं, उचकीसारखं होतं. मग त्या आत गेल्या. दार लोटलं, पण पूर्ण लागलं नाही.

मला तुकडे तुकडे ऐकू येत होते. भिंगरी परीक्षेला बसली नव्हती. एकाही पेपरला नाही. हॉलच्या दारापर्यंत जायची, छातीत धडधडायचं, हातांना घाम, आणि परत फिरायची. आईला कळवलं तर आई आणखी दमेल म्हणून सांगितलं नव्हतं. ती भराभर सांगत होती, मधेच चिडत होती. मॅडमचा आवाज येत नव्हता. कधी नाही ते 'हं' सुद्धा नाही. म्हटलं, अरे वा, बाई खऱ्या अर्थाने ऐकायला लागल्या.

थोड्या वेळाने भिंगरी बाहेर आली. चेहरा असा की थोबाडीत द्यावी की हसावं हे तिचं ठरत नव्हतं.

"आजोबा, आई झोपली."

"झोपली?"

"मी सांगतेय, सांगतेय, आणि बघते तर ही बसल्या बसल्या कलंडलीय. ऐन मोक्याला! माझं अर्धंच सांगून झालंय."

"पाय हलतोय का तिचा?"

तिने मान वळवून दारातून बघितलं. "नाही."

"मग झोपू दे की."

"अजिबात नाही," भिंगरी म्हणाली. "वर्षभर थांबलेय मी. उठवणार आहे."

मी तिला अडवणार होतो. आम्ही म्हातारे अशा वेळी लगेच 'जाऊ दे, थकलीय बिचारी' म्हणायला पुढे होतो. पण म्हटलं, या बाईंना आजवर सगळ्यांनी आपापलं सांगितलं, ते परक्यांनी. हिचा तर हक्कच आहे. मी चूप बसलो, आणि मी चूप बसलो यावर विश्वास ठेवणारं माझ्या ओळखीत कुणी नाही.

पुढे जे व्हायचं ते झालं, तेही सांगून टाकतो. मॅडम डॉक्टरांकडे गेल्या, त्यांनी त्या दुखण्याला एक लांबलचक नाव दिलं, मॅडमनी मोठी रजा टाकली. भिंगरीही डॉक्टरांकडे गेली, निराळ्या. विभागात मुलं सगळ्यांत वाटली गेली आणि आठवडाभर नुसता हलकल्लोळ होता. मॅडमच्या आत पाणी परत आलं का? थोडंथोडं. कधी येतं, कधी नुसती खडखड. विचारलं की खरं सांगतात, "आज नाहीये." पण ते सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी भिंगरी आत गेली आणि तिने आईचा खांदा धरून गदागदा हलवला. मी फटीतून बघत होतो, लपवत नाही.

"आई. ए आई. ऊठ."

मॅडमनी डोळे न उघडताच भुवया आक्रसल्या. आता 'नाव सांग' म्हणतात की काय, म्हणून मी फटीला डोळा आणखी चिकटवला.

"भिंगरे," त्या पुटपुटल्या, "सरक तिकडे. माझ्या केसांवर बसलीयस."

भिंगरी सरकली. मग त्या अरुंद पलंगावर, आईच्या पाठीला खांदा लावून तीही आडवी झाली, छताकडे बघत.

"तर मी हॉलच्या दारापाशी गेले," तिने पुन्हा सुरुवात केली. "आतल्या बाई म्हणाल्या, या आत. मी एक पाय ठेवला. ऐकतेयस ना?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "पण तू सांग."